काळ सोकावतो

बाईंना सगळे बाईच म्हणत. कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायच्या तेव्हा मुलं म्हणायची. निवृत्तीनंतर एका वृत्तवाहिनीवर जाणकार म्हणून बसू लागल्या तेव्हा निवेदक म्हणू लागला. आणि त्यानंतर किराणा दुकानदारापासून दातांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांच्याच त्या बाई झाल्या. संध्याकाळच्या चर्चेत चार-पाच कोटवाले एकमेकांवर ओरडत असायचे आणि त्या गदारोळात बाई चष्मा पुसत स्वस्थ बसलेल्या दिसायच्या. सगळ्यांचे घसे बसले की निवेदक त्यांच्याकडे वळायचा आणि बाई जगाच्या उलाढाली घरातल्या भाषेत सांगायच्या. दोन बड्या देशांचा करार फिसकटला तर म्हणायच्या, "लग्न मोडलंय, आता भांडण चाललंय ते मांडवाच्या खर्चावर." कुणी शेजाऱ्यावर निर्बंध लादून स्वतःचंच तेल महाग करून घेतलं तर, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन." लोकांना हे फार आवडायचं. बाईंना सगळं कळतं असं लोकांना वाटे, आणि खोटं कशाला बोला, बाईंनाही थोडंफार तसंच वाटे.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात त्या आणि म्हातारी आई. धाकटा भाऊ जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर. त्याची बायको दोन गल्ल्या सोडून राहायची, औषधांच्या दुकानात काम करायची आणि सासूची औषधं न चुकता आणून द्यायची. असं आटोपशीर घर.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी बाई मेकअपच्या खुर्चीत बसल्या होत्या. विषय ठरलेला होता, कुठल्याशा देशातली निवडणूक. तेवढ्यात निर्मिती विभागातली मुलगी कागद नाचवत आत आली.

"बाई, विषय बदललाय. सामुद्रधुनीत आपलं मालवाहू जहाज पकडलंय. हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरले म्हणे. व्हिडिओ पण आलाय, भारी आहे."

मग तिने जहाजाचं नाव वाचलं.

ते नाव बाईंनी मागच्याच महिन्यात ऐकलं होतं. "ताई, नवं जहाज मिळालं," भाऊ फोनवर हसत होता. "नाव ऐकलंस तर राजवाडा वाटेल, पण इंजिन माझ्यापेक्षा म्हातारं आहे."

"ओठ हलवू नका हं बाई," मेकअपवाली म्हणाली. ती लिपस्टिक लावत होती.

बाईंनी ओठ हलवले नाहीत. उठून 'मला आज जमणार नाही' म्हणायला हवं होतं, हे त्यांना पुढे अनेकदा सुचलं. त्या वेळी मात्र सुचलं ते एवढंच, की आपल्याला सामुद्रधुनीची रुंदी आठवते का ते बघावं. आठवली. मग त्या उठल्या आणि स्टुडिओत जाऊन आपल्या जागी बसल्या.

पडद्यावर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत होता. दोरावरून सरकत उतरणारे काळे आकार, डेकवर हात वर केलेली चार माणसं. चेहरे दिसत नव्हते. कोटवाले ओरडून दमले. निवेदक वळला.

"बाई, सोप्या शब्दांत सांगा. हे का झालं?"

"नाक दाबलं की तोंड उघडतं," बाई म्हणाल्या. "ही सामुद्रधुनी म्हणजे जगाच्या व्यापाराचं नाक. त्यांचं तेलाचं जहाज आपण आपल्या बंदरात अडकवून ठेवलंय. ते सुटावं म्हणून त्यांनी आपलं नाक दाबलंय. यात राग नाही, हिशेब आहे."

"आणि जहाजावरची माणसं?"

"त्यांना काही होणार नाही. ती गहाण पडलेली चीजवस्तू आहे. गहाणातलं भांडं सावकार फोडत नसतो."

वाक्य छान उतरलं होतं. निवेदकाने मान डोलावली. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा स्वतःचा राहत नाही, हात लावला तर बोटांना कळतं आणि गालाला नाही, तसं बाईंना झालं होतं. आपण भावाला भांडं म्हणालो हे त्यांना कळलं. फक्त कळलं.

घरी जाताना गाडीत भावजयीचा फोन आला. तिचा आवाज दुकानात गिऱ्हाईकाशी बोलावा तसा सपाट होता.

"ताई, कंपनीचा फोन आला होता. यांचंच जहाज आहे."

"माहीत आहे गं."

"तुम्ही टीव्हीवर म्हणालात, काही होणार नाही. ते टीव्हीसाठी म्हणालात की खरंच?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. सिग्नलला एक माणूस मोटारसायकलवर शिडी आडवी धरून उभा होता आणि मागचे सगळे त्याच्यावर खेकसत होते.

"खरंच," त्या म्हणाल्या.

"बरं," भावजय म्हणाली. "आईंना सांगायचं?"

आईंचं हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनी धक्का बसेल असं काही कानावर घालायला मनाई केली होती. सांगायचं नाही असं दोघींनी ठरवलं. पण पंचाईत अशी, की आई रोज संध्याकाळी लेकीचा कार्यक्रम पाहायची, तोही आवाज मोठा करून, आणि शेजारणीला पाहायला लावून. म्हणजे जे लपवायचं, ते बाईंनीच रोज आईसमोर तास-तासभर बोलायचं, आणि वर लपवायचंही.

त्या दिवशी घरी आल्या तर आई टीव्हीसमोरच होती.

"छान बोललीस," आई म्हणाली. "तो करडा कोट मात्र नको घालत जाऊस. तोंडावर राख फासल्यासारखी दिसतेस."

"बरं."

"जेवून घे."

बाई जेवल्या. दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी घेऊ का असा विचारही केला.

पहिला आठवडा दुसरा विषय नव्हता. रोज नकाशा, रोज लाल बाण, रोज कुणीतरी निवृत्त सेनाधिकारी टेबलावर मूठ आपटून आरमार पाठवा म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात जहाज पहिल्या विषयावरून दुसऱ्यावर घसरलं. मग कुठेतरी भूकंप झाला, एक मंत्री लाच घेताना सापडला, आणि जहाज शेवटच्या पाच मिनिटांत आलं. निवेदक घड्याळाकडे बघत विचारायचा, "बाई, थोडक्यात, जहाजाचं काय?" आणि बाई थोडक्यात सांगायच्या.

अशातच त्यांना परराष्ट्र खात्यातून बोलावणं आलं. सहसचिव त्यांचाच जुना विद्यार्थी. कॉलेजात असताना मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायचा. आता त्याच्या टेबलावर तीन फोन होते. दार लावून घेऊन तो म्हणाला, "बाई, खलाशांची यादी माझ्याकडे आली. आडनाव पाहिलं. तुमचा...?"

"धाकटा भाऊ."

 मग त्याने स्वतः उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंना तहान नव्हती, पण त्याने एवढं उठून दिलं म्हणून प्यायल्या.

"कुणाला कळू देऊ नका," तो म्हणाला. "त्यांच्या लोकांना कळलं की रोज टीव्हीवर दिसणाऱ्या बाईंचा भाऊ आपल्या हातात आहे, तर ते त्याला बाकीच्यांपासून वेगळा काढतील. तुमच्या भावजयीलाही मी तेच सांगितलंय."

"मग मी कार्यक्रमाला जाणं बंद करते."

"नको, तसं नको." तो खुर्ची ओढून जवळ बसला. "आमचं आतून बोलणं चाललंय. ते म्हणतात, तेलाचं जहाज सोडा, आम्ही हे सोडतो. आम्हाला काय, सोडायचंच आहे. पण चटकन हो म्हटलं तर ते आणखी चार गोष्टी मागतील. त्यांना असं दिसायला हवं की आपल्याकडचं लोकमत कडक आहे, सरकारची इच्छा असली तरी हात बांधलेत. तुमचं बोलणं तिकडे ऐकलं जातं, बाई. भाषांतर होतं. तुम्ही म्हणा, अदलाबदल करायची नाही."

"म्हणजे भावाला सोडवू नका, असं मी म्हणायचं."

"सुटावा म्हणून म्हणायचं."

बाईंनी हे शास्त्र वर्षानुवर्षं शिकवलं होतं. कडक दिसलं की सौदा स्वस्तात पटतो, हे त्यांनी याच मुलाला शिकवलं होतं, तो डुलक्या घेत होता त्याच तासाला बहुतेक. तर्कात खोट नव्हती. खरंच तसं होईल का, हे त्याला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे," आणि पर्स उचलून निघाल्या. लिफ्टमध्ये त्यांना भीती वाटायला हवी होती. त्या लिफ्टमधली 'क्षमता आठ माणसे' ही पाटी वाचत राहिल्या.

त्या संध्याकाळी निवेदकाने विचारलं, "बाई, एक जहाज द्या, एक जहाज घ्या. यात एवढं काय वाईट आहे?"

"आपल्याकडे एक म्हण आहे," बाई म्हणाल्या, आणि कॅमेरा जवळ आलेला त्यांना जाणवला. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज एक जहाज पकडून मागणी पुरी झाली, तर उद्या दहा पकडतील. त्या खलाशांबद्दल मला वाईट वाटतं. पण देशाने झुकू नये."

हे वाक्य गाजलं. तुकडा कापून लोकांनी एकमेकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार म्हणाला, "बाई, काल तुम्ही एका वाक्यात सगळ्यांना गार केलंत." सेनाधिकाऱ्याने लेखात ती म्हण वापरली. विरोधी पक्षाचा पुढारी सभेत म्हणाला, "काळ सोकावू देणार नाही!" आणि टाळ्या पडल्या. सहसचिवाचा मोबाइलवर निरोप आला, नुसता एक शब्द: 'आभारी'.

भावजयीचा फोन मात्र आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याभरात नाही. आईची औषधं दुकानातल्या पोऱ्याच्या हाती यायला लागली. एकदा बाईंनी आपणहून फोन केला, तर तिने उचलला आणि म्हणाली, "दुकानात गर्दी आहे, ताई." मागे गर्दीचा आवाज नव्हता. मागे काहीच आवाज नव्हता.

खलाशांच्या घरच्यांनी आता एकत्र यायला सुरुवात केली होती. आधी ते खात्याच्या फाटकासमोर फोटो धरून उभे राहिले, मग बंदर कार्यालयासमोर. कुणी फारसं पाहिलं नाही. तेव्हा वाहिनीच्या संपादकाला सुचलं की या लोकांपैकी एकाला चर्चेत बसवू. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला खलाशाची बायको, कार्यक्रमाला रंग चढेल. बाईंना हे आधी सांगितलं नाही. आयत्या वेळी समोरासमोर आणलं की चेहऱ्यावर खरं काय ते उमटतं, असा संपादकाचा अनुभव होता.

बाई स्टुडिओत आल्या तर समोरच्या खुर्चीत भावजय बसली होती.

तिने केस घट्ट बांधले होते. एक मुलगा तिच्या गळ्याशी माइक लावत होता. तिने बाईंकडे पाहिलं आणि नव्या माणसाला करावा तसा नमस्कार केला.

"नमस्कार, बाई."

लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून तिने कधी त्यांना 'बाई' म्हटलं नव्हतं.

"नमस्कार," बाई म्हणाल्या.

दिवे लागले. निवेदकाने आवाज जड करून, तिच्याच अटीप्रमाणे नावगाव न सांगता, ओळख करून दिली. मग भावजय बोलली. रडली नाही. नवऱ्याचा शेवटचा फोन कधी आला, कंपनी काय म्हणते, खातं काय म्हणत नाही, सगळं तिने औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं ते समजवावं तसं नीट सांगितलं. कोटवाल्यांनाही तिच्यासमोर ओरडायची लाज वाटली असावी. निवेदक बाईंकडे वळला.

"बाई, या ताईंना तुम्ही काय सांगाल? तुमचं ते प्रसिद्ध वाक्य यांच्यासमोर म्हणू शकाल?"

 बाईंना वाटलं, आता आपलं काहीतरी होईल. छातीत दुखेल, आवाज फुटेल, निदान हात तरी थरथरेल. त्यांनी हाताकडे पाहिलं. हात टेबलावर पडला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

"म्हणू शकेन," त्या म्हणाल्या. "म्हातारी मेल्याचं दुःख नसतं असं नाही. पण काळ सोकावतो, हे खरंच आहे."

"मला एकच विचारायचंय," भावजय म्हणाली. "बाई, ही म्हातारी कुणाची, ते सांगाल का?"

तिने नवऱ्याचं पूर्ण नाव उच्चारलं असतं तर तिथल्या तिथे सगळं उलटं झालं असतं. बाईंना ते दिसत होतं आणि भावजयीलाही दिसत होतं. खात्याने तिलाही बजावलं होतं, पण खात्याचं ऐकायला ती काही बांधलेली नव्हती. ती वाट बघत राहिली.

"कुणाचीही असू शकते," बाई म्हणाल्या.

"हो," भावजय म्हणाली. "मलाही तसंच वाटतं."

आणि ती गप्प बसली. निवेदकाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, काहीतरी निसटलं असं त्याच्या तोंडावर आलं, पण काय ते न कळून तो जाहिरातींकडे वळला.

बाहेर पॅसेजमध्ये माइक काढायचा मुलगा सापडेना. भावजयीच्या पाठीवरची वायर कपड्यात अडकली होती. बाईंनी ती सोडवली. दोघी इतक्या जवळ उभ्या होत्या की तिच्या अंगाला येणारा दुकानातला औषधांचा वास बाईंना आला.

"मी बोलेन असं वाटलं होतं का तुम्हाला?" भावजयीने हळूच विचारलं.

"वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं." तिने पिशवीतून एक पुडकं काढलं. "आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. या महिन्यापासून कंपनी बदललीय, रंग गुलाबी आहे. घाबरू नका म्हणावं, गोळी तीच."

ती निघून गेल्यावर बाईंच्या ध्यानात आलं, की आईने हा कार्यक्रम पाहिला असणार. सून टीव्हीवर दिसली असणार.

गाडीतून घरापर्यंत त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. घरात शिरल्या तर टीव्ही बंद होता. आई पलंगावर बसून पायाला मलम चोळत होती.

"सून वाळलीय," आई म्हणाली.

"आई, तुला सांगणार होतो आम्ही..."

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"कसं?"

"तो वेळेवर फोन करत नाही म्हणून इतकी वर्षं तू त्याला शिव्या घालतेस. निर्लज्ज, दगड, काय काय म्हणतेस. त्या आठवड्यात त्याचा फोन नाही आणि घरात कुणी शिवीही घातली नाही." आईने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "म्हटलं, काहीतरी झालंय. मग तू टीव्हीवर जहाज जहाज करत होतीस. मला काय, दोन अधिक दोन करता येत नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघी एवढ्या मेहनतीने लपवत होतात. म्हटलं, लपवू दे."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "मी जे बोलते ते ऐकतेस ना? तुझ्या मुलाला सोडवू नका म्हणते मी."

"ऐकते की."

"मग?"

आईने मलमाची डबी उशाशी ठेवली. मग म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. तू लहानपणापासून हुशार आहेस. तुला कळत असेल म्हणून ऐकते." आणि थोड्या वेळाने, "कळतं ना तुला?"

बाईंनी गोळ्यांचं पुडकं पुढे केलं. "रंग गुलाबी आहे. गोळी तीच."

जहाज सुटलं ते आणखी बऱ्याच दिवसांनी, आणि कुणाच्या बोलण्याने नाही. त्या देशाला गहू कमी पडला. गहू ज्यांच्याकडे होता त्या तिसऱ्या देशाने म्हटलं, आधी सामुद्रधुनीतली कटकट मिटवा, तुमच्या वादात आमच्या बोटींचे विमे महागलेत. झालं. एका सकाळी 'तांत्रिक तपासणी पूर्ण झाली' असं कारण देऊन त्यांनी जहाज सोडलं. पाठोपाठ आपल्याकडच्या न्यायालयाला त्यांच्या तेलाच्या जहाजाच्या कागदपत्रांत त्रुटी सापडली आणि तेही सुटलं. दोन्ही सरकारांनी सांगितलं, अदलाबदल झालेली नाही.

सहसचिवाचा फोन आला. "बाई, यात तुमचा मोठा वाटा आहे."

"गव्हाचा आहे," बाई म्हणाल्या.

तो हसला, पण 'नाही' म्हणाला नाही.

संध्याकाळी निवेदकाने विजयी स्वरात विचारलं, "म्हणजे बाई, आपण झुकलो नाही!"

"कुणीच झुकलं नाही," बाई म्हणाल्या. "दोघांचंही काहीतरी खाली पडलं होतं. ते उचलायला दोघं एकाच वेळी वाकले."

यावरही लोक हसले. हेही गाजलं.

भाऊ घरी आला तेव्हा दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, शर्ट दुसऱ्याच कुणाचा. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "फोन करायला काय झालं होतं, निर्लज्जा?" तो खो खो हसला. मग दोन दिवस झोपला. भावजय त्याच्या खोलीचं दार उघडून बघायची आणि पुन्हा लावायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बहिणीकडे आला आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरला. बेसिनखालचा पाइप गळत होता, ते त्याला आवाजावरून कळलं. तो पाना मागून घेऊन जमिनीवर आडवा झाला आणि बाई त्याच्यासाठी विजेरी धरून बसल्या.

"आम्हाला जेवायच्या खोलीत टीव्ही होता," तो खालून म्हणाला. "पहारेकरी त्यांच्या भाषेतल्या बातम्या लावायचे. त्यात कधीकधी तू यायचीस."

बाईंनी विजेरी दुसऱ्या हातात घेतली.

"वरून त्यांच्या भाषेत कुणीतरी बोलायचं, पण खाली तुझा आवाज बारीक ऐकू यायचा. एक पहारेकरी होता, नुकतं मिसरूड फुटलेला. तो मोडक्या इंग्रजीत म्हणायचा, ही म्हातारी हुशार आहे, हिला सगळं कळतं."

"तू सांगितलं नाहीस ना त्याला?"

"काय सांगू? ही माझी सख्खी बहीण, आणि मला सोडवू नका म्हणतेय?" तो हसला. पाना सटकला, त्याने पुन्हा लावला. "बाकीचे खलाशी तुला फार शिव्या द्यायचे, ताई. मी पण दिल्या. न देऊन कसं चालेल, संशय आला असता."

"खऱ्या दिल्यास की खोट्या?"

त्याने पाना अर्धा आटा फिरवला. "सुरुवातीला खोट्या."

पाइपातून टपटप चालूच होती.

"पण खरं सांगू," तो म्हणाला, "तू आलीस की बरं वाटायचं. अर्थ जाऊ दे गं. घरातला आवाज. इकडे धर जरा उजेड, दिसत नाही."

बाईंनी उजेड तिकडे धरला. आता रडू येईल, त्यांना वाटलं. त्यांनी रडण्याला बराच वेळ दिला. पाइप बसला, गळती थांबली, भावाने हात पुसले. रडू आलं नाही.

मग वर्तमानपत्रात आईचा आणि भावाचा फोटो नावांसकट आला आणि नातं उघड झालं. संपादक धावत आला. 'भावापेक्षा देश मोठा' असा खास कार्यक्रम करू म्हणाला, आईंनाही स्टुडिओत आणू. बाई नको म्हणाल्या. त्याने पुष्कळ समजावलं, मग रुसला. बाई पुन्हा चर्चेला बसू लागल्या, पण लोकांना फरक कळला. कुठल्याशा बंदरावर बॉम्ब पडले त्या दिवशी निवेदकाने विचारलं, "आता पुढे काय होईल, बाई?" आणि त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." तो म्हणीची वाट बघत थांबला. म्हण आली नाही. हळूहळू बोलावणी कमी झाली आणि त्यांच्या खुर्चीत एक तरुण प्राध्यापक बसू लागला, त्याच्याकडेही म्हणी भरपूर होत्या.

भावाला वर्ष संपायच्या आत दुसरं जहाज मिळालं. मार्ग तोच, सामुद्रधुनीतूनच. भावजयीने त्याला एकदा विचारलं, जायलाच हवं का. तो म्हणाला, मला दुसरं येतं काय. निघायच्या सकाळी बाई आईला घेऊन भावाच्या घरी आल्या होत्या. आईने त्याला दारातच गाठून फोनबद्दल दम भरला. त्याने कान पकडले.

खाली टॅक्सी उभी होती. तो बॅग टाकून आत बसला, काच खाली केली, हात हलवला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी दोघी फुटपाथवर उभ्या राहिल्या.

"ताई," भावजय म्हणाली, "यांना काही होणार नाही म्हणालात तेव्हा तुम्हाला खरंच तसं वाटत होतं?"

"तेव्हा काहीच वाटत नव्हतं गं."

"आता?"

बाईंनी खरोखरच विचार करून पाहिला. समोर एक माणूस दुकानाचं शटर वर ढकलत होता, ते अर्ध्यावर अडकलं होतं.

"आता पण नाही," त्या म्हणाल्या.

भावजयीने मान हलवली. "चला वर," ती म्हणाली, "आई एकट्याच आहेत. चहा टाकते." आणि दोघी जिना चढू लागल्या.